पांढऱ्या साहेबाची मूठ

हातात कवळी असली की दादाचं डोकं ठिकाणावर राहतं, असं घरात सगळेच म्हणत. आई रागावली, बायको रुसली, वीज गेली, काहीही झालं तरी तो जिना उतरून खाली दातांच्या लॅबमध्ये जायचा, कुणाची तरी कवळी घासायला घ्यायचा आणि थोड्या वेळाने माणसात यायचा. आज सकाळपासून तो खालीच होता. एकाच कवळीला त्याने इतकं पॉलिश मारलं होतं, की ती घालून कुणी हसलं असतं तर समोरच्याला डोळे मिटावे लागले असते. डोकं मात्र ठिकाणावर येत नव्हतं.

वर धाकट्या भावाची, बारक्याची, पावलं वाजत होती. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून तो आपले खेळण्यातले रोबोट मांडत होता. दुपारी जुनी खेळणी पारखून विकत घेणाऱ्या पारखीण बाई येणार होत्या. त्यांनी मंडळींना बघायचं, किंमत सांगायची, पटलं तर सगळीच्या सगळी घेऊन जायची, असं फोनवर ठरलं होतं. आलेल्या पैशातून बारक्या आणि त्याची बायको धाकटी दुसऱ्या शहरात घर करणार होते. धाकटीला तिथल्या इस्पितळात बढती मिळाली होती, आणि बारक्याला जुनी खेळणी घेण्या-विकण्याचं एक छोटं दुकान टाकायचं होतं. जाणार, जाणार असं ते बरीच वर्षं म्हणत होते. आता जाण्याची तारीख एका बाईच्या हातात होती.

'मंडळी' हा आईचा शब्द. चाळिशीला टेकलेला मुलगा रोबोट जमवतो हे शेजाऱ्यांना सांगायला तिला अवघड जायचं, म्हणून ती "आमच्याकडे मंडळी फार आहेत" एवढंच म्हणायची. सगळ्यात पहिला आला तो पांढरा साहेब. वडील गेले तेव्हा बारक्या शाळेत होता आणि दादा कॉलेज सोडून वडिलांच्या मशीनवर बसला. त्या वर्षीच्या पहिल्या कमाईतून त्याने धाकट्या भावासाठी हा रोबोट आणला. उलगडला की त्याचं जहाज व्हायचं, मिटला की पुन्हा छाती काढून उभा. कपाटातून तो सगळ्यांकडे जरा वरूनच बघायचा, म्हणून आईने त्याला साहेब करून टाकलं. पुढे असे रोबोट बनवणारा कारखाना बंद पडला, खोक्यासकट टिकलेले साहेब जगात थोडे उरले, आणि पोराच्या खेळण्याला एकाएकी भाव आला.

दादाने कॉलेज सोडल्याची गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती, की आता नुसतं 'दादाने कॉलेज सोडलं तेव्हा' एवढं म्हटलं तरी बारक्याची मान खाली जायची.

जिन्यावर चपला वाजल्या. आई आत आली आणि तिने मागे दार लोटून घेतलं.

"जेवायला चल."

जेवायला बोलवायचं तर दार कुणी लोटत नाही. दादाने मशीन बंद केलं.

"आई, मी त्याला सांगून टाकतो."

"आता? आणि इतके दिवस काय करत होतास?"

"तूच म्हणालीस थांब म्हणून."

"मी म्हटलं आणि तू ऐकलंस. एरवी कधी ऐकतोस रे माझं?"

 झालं होतं ते असं. मागच्या आठवड्यात आईने कपाट पुसायला काढलं आणि साहेब तिच्या हातून सुटला. खाली फरशी. बाकी काही झालं नाही, पण उजव्या मुठीचा भुगा झाला. प्लास्टिक जुनं झालं की बिस्किटासारखं होतं, जोडायला तुकडेसुद्धा उरत नाहीत. आई साहेबाला टॉवेलमध्ये गुंडाळून खाली घेऊन आली. दादाने डाव्या मुठीचा साचा घेतला, मेणात तो उलटा करून उजवा कोरला, आणि दाताचं ॲक्रिलिक भरलं. रंग जुळवायला त्याच्याकडे दातांच्या रंगांची पट्टी होती. साहेबाचा पांढरा वयाने जरा पिवळसर झाला होता. पट्टीवर तो बरोबर पन्नाशीच्या चहाबाज माणसाच्या दाताशी जुळला. मूठ बसवल्यावर दादाला स्वतःलाच आपल्या कामाचं कौतुक वाटलं.

बारक्या त्या दिवशी दवाखान्यांत कवळ्या पोचवायला गेला होता; संध्याकाळी तो आला की त्याला सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. संध्याकाळी बारक्या आला तो हसतच. पारखीण बाई यायला तयार झाल्या म्हणाला. आता आम्ही जातोय दादा, या वेळी खरंच जातोय, म्हणाला. त्यावर दादा "बरं झालं" म्हणाला होता, आणि मुठीचं राहून गेलं होतं.

"मी चष्मा लावून बघितला," आई म्हणाली. "दोन्ही हात बघितले. कुठला जुना न् कुठला नवा, मला सांगता येईना. त्या बाईला काय कळणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"म्हणीतली मूठ वेगळी, आई."

"मूठ ती मूठ." ती स्टुलावर बसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि समज, कळलंच तिला. समज, नाही घेतलं तिने. काय होईल फार तर? राहतील. इथे राहतील, आपल्याजवळ."

दादाला भीती वाटली. आई काही तरी भलतंच बोलली म्हणून नव्हे. हेच वाक्य त्याच्या मनात आठवडाभर येत-जात होतं, आणि आपण ते हाकलून दिलंय अशी त्याची समजूत होती.

"असं बोलू नये," तो म्हणाला.

"नाही बोलत. चल जेवायला."

*

दादाच्या बायकोला, थोरलीला, बारक्याचा रोबोटांचा तास आवडायचा. एरवी घुम्यासारखा बसणारा दीर या एका विषयावर वकिलासारखा बोलायचा. शिवाय आज तिला सगळंच आवडत होतं. धाकटी जाऊ तिची लाडकी होती, दिरावर तिची माया होती, पण माया वेगळी आणि खोली वेगळी. ते गेले की मागची खोली रिकामी होणार होती आणि लग्नापासून पलंगाखाली झोपलेलं तिचं शिलाई मशीन एकदाचं उजेडात येणार होतं. सासूला आणि नवऱ्याला ती दोघं जायला नको होती हे तिला कळत होतं. म्हणून गेले काही दिवस ती धाकटीच्या बाजूने होती, अर्थात तोंडाने न बोलता.

"याचा गुडघा बघ," धाकटी एका लाल रोबोटचा पाय वरखाली करत म्हणाली. ती फिजिओ होती, हातात आलेला कुठलाही सांधा हलवून बघायची तिची सवय. "कुरकुर नाही, काही नाही. असे पेशंट मिळाले तर मी उपाशी मरेन."

"ठेव तो खाली," बारक्या म्हणाला. "घट्ट सांध्यावरच सगळं असतं."

"म्हणजे हा महाग?" थोरलीने विचारलं.

"नाही ना. तीच तर गंमत आहे, वहिनी. दर्जा वेगळा, किंमत वेगळी. हा लाल घ्या. रंग पक्का, सांधे घट्ट, छातीवरच्या स्टिकरची कड उचललेली नाही. पण कंपनीने इतके काढले, की घरोघरी आहेत. दर्जा आहे, किंमत नाही. आता हा हिरवा. रंग असा, की ओलं बोट लावलं तर निघेल. उभा केला तर पडतो. पण असे फार बनलेच नाहीत. दर्जाच्या नावाने शून्य, आणि लोक याच्यासाठी भांडतात."

"माणसांचं पण असंच आहे," थोरली म्हणाली.

"आणि साहेब?" धाकटीने विचारलं. उत्तर तिला पाठ होतं. पण नवऱ्याला ते सांगायला आवडतं हेही तिला पाठ होतं.

बारक्याने साहेबाला चादरीच्या टोकाला, सगळ्यात शेवटी उभं केलं. "साहेबाला दोन्ही. दर्जाही आहे, दुर्मिळही आहे. आणि वर तिसरी गोष्ट. तो कारखान्यातून निघाला तसाच्या तसा आहे. त्याला कुणाचा हात लागलेला नाही. एकदा हात लागला की संपलं."

"कितीही चांगला हात असला तरी?"

"चांगला हात तर जास्त वाईट. वाईट दुरुस्ती लांबून दिसते. माणूस भाव पाडतो, घेऊन जातो, विषय संपला. चांगली दुरुस्ती दिसत नाही. आणि न दिसणारी दुरुस्ती सांगितली नाही, तर तिला फसवणूक म्हणतात. म्हणून तर बाईंनी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला. मी म्हटलं, सगळं मूळ आहे, माझ्या शब्दावर या. या धंद्यात खेळणी नंतर विकली जातात, आधी शब्द विकला जातो."

तो हे बोलत असताना थोरलीचं सहज दाराकडे लक्ष गेलं. दारात दादा उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग पट्टीवरच्या कुठल्याच दाताशी जुळला नसता. त्याच्यामागे सासूबाई. त्यांनी पटकन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला सुरुवात केली.

बारक्याने साहेबाची उजवी मूठ आत वळवली, बाहेर काढली. "आज खटका जरा मऊ वाजतोय," तो स्वतःशीच म्हणाला. "हवा दमट असेल."

थोरलीने नवऱ्याला स्वयंपाकघरात नेलं. नळ सोडला, म्हणजे आवाज बाहेर जाणार नाही.

"काय केलंत?"

दादाने सांगितलं. सगळं सांगितलं, आईचं वाक्य तेवढं सोडून.

थोरली काही वेळ नुसती भांडं विसळत राहिली. ते आधीच स्वच्छ होतं. तिला मशीन दिसत होतं, पलंगाखालचं, परत पलंगाखालीच राहणारं. आणि त्याहून मोठी भीती ही, की उद्या लोक म्हणतील मुद्दाम केलं. धाकटी तर म्हणेलच, आणि तिच्या जागी आपण असतो तर आपणही म्हटलं असतं.

"आत्ता जा आणि सांगा," ती म्हणाली.

"कसं सांगू? त्याने शब्द दिलाय तिला."

"म्हणूनच सांगा. बाई यायच्या आत कळलं तर तो तिला सांगेल, की बाबा एक मूठ बदललेली आहे. थोडं कमी येईल. पण शब्द तरी राहील त्याचा. नाहीतर मी सांगते."

"नको. मी सांगतो."

"कधी?"

दारावरची बेल वाजली.

*

पारखीण बाई धाकटीला आवडल्या. पन्नाशीच्या, बारीक कापलेल्या केसांच्या, आल्या आल्या हात धुवायला जागा विचारणाऱ्या. हात धुऊन येणारं माणूस धाकटीला नेहमीच विश्वासाचं वाटायचं. बाईंनी पाठीवरच्या पिशवीतून एक मऊ ब्रश काढला, भिंग काढलं, मोजपट्टी काढली आणि शेवटी बोटाएवढी एक टॉर्च काढून चादरीवर ओळीने ठेवली.

"ही टॉर्च कशाला?" धाकटीने विचारलं.

"जांभळ्या उजेडाची आहे," बाई म्हणाल्या. "जुनं प्लास्टिक हिच्यात मंद दिसतं. नंतर लावलेला डिंक, रंग, भरलेला माल, असलं काही असेल तर उजळतं. शेवटी एकदा फिरवते मी. इथे गरज नाही, सरांनी सांगितलंय सगळं मूळ आहे. पण सवय."

"फिरवा ना, जरूर फिरवा," बारक्या म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. धाकटीला त्याचा हात हातात घ्यावासा वाटला.

बाई एकेक रोबोट उचलत, सांधे वळवत, स्टिकरांच्या कडा भिंगातून बघत पुढे सरकू लागल्या. फार बोलत नव्हत्या. मधूनच "छान ठेवलंय" म्हणत. धाकटीच्या मनात आकडे येऊ लागले होते आणि ती ते हाकलत होती. तिने घरच्यांकडे बघितलं आणि तिला गलबलून आलं. सासूबाई सोफ्याच्या काठावर बसल्या होत्या, हात मांडीखाली दाबून. थोरली जाऊ भिंतीला टेकून नवऱ्याकडे एकटक बघत होती. आणि दादा टेबलाशी उभा होता तो घामाने निथळत होता. आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा हे किती जीव लावतात, तिच्या मनात आलं. मुलगा घराबाहेर चाललाय तर बिचाऱ्यांना उभंसुद्धा राहवत नाही. गेल्या महिन्यात आपण दादांबद्दल काय काय बोललो ते आठवून तिला लाज वाटली.

तिने एक खुर्ची उचलून नेली. "बसा ना दादा."

"नको, ठीक आहे."

"बसा. एवढा त्रास नका करून घेऊ."

दादाने तिच्याकडे असं बघितलं, की तिला वाटलं आता हा माणूस रडणार.

*

टॉर्च बघितली त्या क्षणी दादाला सगळं कळलं होतं. वर्षानुवर्षं तो हेच तर काम करत होता. माणसाचा खरा दात जांभळ्या उजेडात निळसर पांढरा चमकतो. म्हणून चांगल्या मालात चमक मुद्दाम मिसळलेली असते, नाहीतर नाचाच्या हॉलमधल्या दिव्यांखाली कवळीवाल्याच्या तोंडात काळोख दिसतो. लॅबमध्ये साधा मालही होता. साहेबासाठी दादाने चांगलातला चांगला काढला होता. भावाची वस्तू, म्हणून.

बाई ओळीच्या मध्यावर पोचल्या. अजून वेळ होता. 'एक मिनिट' एवढंच म्हणायचं होतं. 'एक मिनिट, मला याच्याशी बोलायचंय.' भावाला खाली न्यायचं, सांगायचं, तो चिडेल, शिव्या देईल, वर येऊन बाईंना खरं सांगेल. आणि मग? मग बाई थोडी रक्कम कमी करतील आणि घेऊन जातील. सोमवारी नाहीतर मंगळवारी टेम्पो येईल. खालच्या दोन मशीनांपैकी बारक्याचं बंद राहील. जेवायला तीन ताटं.

थोरली मुद्दाम खोकली. दादाने तिच्याकडे बघितलं नाही.

बाईंनी हिरवा उचलला, ठेवला. निळा उचलला. बारक्या त्यांच्याबरोबर सरकत होता, आणि मधून मधून, सवयीने, दादाकडे बघून हसत होता. लहानपणी चित्रकलेत नंबर आला की असाच हसायचा. दादाच्या घशात शब्द आला, अगदी दातांपर्यंत आला. त्याने तोंड उघडलं.

"चहा घेणार का?" त्याने विचारलं.

"झाल्यावर घेऊ," बाई म्हणाल्या. त्यांनी साहेबाला हातात घेतलं. कितीतरी वेळ बघितला. जहाज केलं, पुन्हा उभा केला. "काय सुंदर आहे हो. इतका चांगला मी बघितलेला नाही. पडदे जरा ओढता का?"

पडदे आईने ओढले. तिला सांगितलं नव्हतं तरी तीच उठली.

टॉर्च लागली. जांभळा उजेड चादरीवरून फिरला, लाल, हिरवा, निळा, सगळे मंद, मातकट. साहेबाचं डोकं मंद, छाती मंद, डावा हात मंद. उजवी मूठ काळोखात दातासारखी चमकली.

*

बारक्याला आधी काहीच कळलं नाही. मग एकदम सगळं कळलं.

तोही त्याच लॅबमध्ये वाढला होता. असली चमक कशाची असते हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याने वाकून बघितलं. अंगठ्याच्या मुळाशी कड किंचित गोल केलेली होती, बोट फिरवलं तर कुठे टोचू नये अशी. कारखाना असली कड ठेवत नाही. दादा ठेवतो. हिरडीला लागू नये म्हणून त्याच्या हातालाच ती सवय आहे, आणि बारक्याला शिकवतानाही त्याने पहिल्यांदा हेच शिकवलं होतं.

त्याने मान वर करून भावाकडे बघितलं. एकदाच.

बाईंनी टॉर्च बंद केली. "ही मूठ मूळ नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मघाची ऊब गेली होती. "काम अप्रतिम आहे. उजेडात मला कळलं नसतं. कुणी केलं?"

आई सोफ्यावरून उठत होती. दादाचे ओठ हलत होते. थोरली म्हणाली, "मॅडम, त्याचं असं झालं..."

"मी केली," बारक्या म्हणाला.



"आमची खाली दातांची लॅब आहे," तो पुढे म्हणाला. "माझ्या हातून फुटली. मीच बनवली. वाटलं, कळणार नाही."

"मला तुम्ही फोनवर म्हणालात..."

"हो. खोटं बोललो."

धाकटी त्याच्याकडे बघत होती. तिला त्याचा खोटा आवाज ओळखता येत होता, आणि खोटा आवाज हा आत्ताचा होता. तिने बोलायला तोंड उघडलं. बारक्याने तिचं मनगट धरलं, जरा जोरातच.

बाईंनी ब्रश, भिंग, मोजपट्टी पिशवीत घातली. "मूठ बदलली म्हणून आकाश कोसळत नाही, सर. आधी सांगितलं असतंत तर मी तशी नोंद करून घेतला असता, आनंदाने घेतला असता. पण आता मला बाकीच्यांचा भरवसा कसा वाटणार? टॉर्चला सगळंच दिसतं असं नाही. हे सगळे मी फार तर रद्दीच्या दुकानाच्या भावाने घेऊ शकते. आणि खरं सांगू, तसेही नको. आमच्यात एकमेकांना विचारूनच घेतात. मला कुणी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही."

"नका सांगू," बारक्या म्हणाला. "चहा घेऊन जा."

त्या चहा न घेता गेल्या. जाताना त्यांनी आईला वाकून नमस्कार केला, त्याचं आईला जास्त लागलं.

*

पडदे तसेच होते. थोरलीने ते उघडले.

"मी पाडला," आई म्हणाली. "माझ्या हातून पडला रे. याला मीच म्हटलं, सांगू नकोस म्हणून. मला बोल काय बोलायचं ते."

"वस्तू पडते, आई," बारक्या म्हणाला. "त्याला काय बोलायचं."

"मग बाईला का नाही सांगितलंस?" धाकटीचा आवाज फाटला. "तू का घेतलंस अंगावर? आता कोण विचारणार आहे तुला? तुझं दुकान, तुझं नाव... दादा, तुम्ही मुद्दाम केलंत. आम्ही जाऊ नये म्हणून केलंत. आणि मी तुम्हाला खुर्ची आणून देत होते."

"मूठ मुद्दाम नाही केली," दादा म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येत नव्हता. "शपथेवर सांगतो. चांगल्या मनाने केली. मी सांगणार होतो."

"माहीत आहे मला," बारक्या म्हणाला.

ते ऐकून दादाला एवढं हायसं वाटलं, की तो धाकटीने आणलेल्या खुर्चीत बसला. सगळं ठीक होणार होतं. भाऊ समजून घेत होता. तो नेहमीच समजून घ्यायचा.

"मूठ तू चांगल्या मनाने केलीस," बारक्या म्हणाला. "इतकी चांगली मी नसती केली. पण टॉर्च बघितलीस तेव्हा तुला कळलं, दादा. मी तुझ्याकडे बघत होतो ना सारखा. मला वाटलं, घामाघूम झालाय, मी चाललो म्हणून वाईट वाटतंय त्याला. तुझ्याकडे अख्खी ओळ होती. आणि तू तिला चहा विचारलास."

दादाने टेबलावरच्या साहेबाकडे बघितलं. बारक्या थांबला नाही.

"परक्या बाईसमोर तुला खोटं पडू देणार नव्हतो. बाबांनंतर तूच होतास मला. तू कॉलेज सोडलंस, मला वाढवलंस, हातात काम दिलंस. जायचं म्हटलं की दर वेळी ते आडवं यायचं. तू काही बोलायचा नाहीस. तुला बोलावंच लागलं नाही कधी. माझ्याच तोंडून शब्द फुटायचा नाही. रोबोट विकले जाऊ देत, मग जाऊ, दुकानाची जागा मिळू दे, मग जाऊ, असं मी हिला सांगत राहिलो. पैसे नव्हते म्हणून थांबलो नव्हतो रे. जायला तोंड नव्हतं म्हणून थांबलो होतो." तो साहेबाकडे न बघता बोलत होता. "माझं नाव गेलं ते गेलं. ते मी तुझ्यासाठी दिलं. आता आपली फिटंफाट झाली."

"असं नको बोलू," आई म्हणाली. ती रडायला लागली होती. थोरलीने तिला जवळ घेतलं, आणि आपल्याला खोली मिळणार हे मनात येताच तिला स्वतःचाच राग आला.

"पण जाणार कसे?" दादाने विचारलं. "पैसा नाही, दुकान नाही. तिथे जाऊन करशील काय?"

"कवळ्या. दात सगळ्याच गावात पडतात, दादा. कुणाच्या तरी लॅबमध्ये बसेन. तूच शिकवलंयस, काम कुठेही मिळेल." तो धाकटीकडे वळला. "सोमवारी निघू. चालेल?"

धाकटीने डोळे पुसले आणि मान हलवली. मग कुणी न सांगता ती टेबलाशी गेली आणि लाल रोबोटचे हात मिटून त्याला आडवं ठेवू लागली. बारक्या तिच्या शेजारी उभा राहिला. दोघं एका बाजूने एकेक आवरत पुढे सरकू लागली.

'थांब' म्हणायला दादाने तोंड उघडलं. आजवर घरात त्याने हा शब्द कधी वापरला नव्हता, वापरायची वेळच आली नव्हती. आणि आता तो वापरायचा हक्क आपल्याकडे उरलेला नाही, हे त्याला स्पष्ट कळलं.

"खोकी पुरतील का?" त्याने विचारलं. "खाली आहेत माझ्याकडे."